अंगणातले आवाज: निगडीतल्या घरामागची नोंदवही, जानेवारी ते जून २०२५

५ जानेवारी २०२५, रविवार
६:५० ते ७:१०. थंडी चांगली. वारा नाही.

निवृत्तीचं तिसरं वर्ष. दुर्गा टेकडीवर जाऊन पक्षी बघणं बरीच वर्षं केलं, आता गुडघे चढाला नाही म्हणतात. म्हणून हा उद्योग घरीच: मागच्या अंगणात येणारे पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखायचे. अंगण जेमतेम अर्धा गुंठा. एक हापूस (नावाचाच, फळ कधी धड येत नाही), शेवगा, कढीपत्ता, जास्वंदीची तीन झाडं. कुंपणापलीकडे उंबर, आणि रस्त्याच्या कडेला एक मोठी काटेसावर. एवढंच.

कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, आयुष्य गेलं, त्यामुळे आधी नियम. रोज वीस मिनिटं, एकाच खुर्चीत, डोळे मिटून. जे ऐकू येईल ते आधी आपल्या अक्षरांत कागदावर उतरवायचं, मोबाइलला हात लावायचा तो त्यानंतर. मग आवाज ओळखणारं ॲप काय म्हणतं ते, आणि शेवटी दुर्बीण. कान, ॲप आणि डोळा तिन्ही जुळले तर ‘गो’, एक जरी फसला तरी ‘नो-गो’. भोकाचं माप तपासायचं गेज जसं आत जातं किंवा जात नाही, तसं. ‘बहुतेक’ हा रकाना ठेवलेलाच नाही.

नात चौथीत आहे. तिला सहायक नेमलं. पगार: रविवारी एक जिलबी.

१२ जानेवारी, रविवार

आठवडाभरात नऊ ‘गो’. कावळा, साळुंकी, चिमणी, होला, घार, पोपट, भारद्वाज, लालबुड्या बुलबुल, शिंपी. यातले निम्मे शेंबड्या पोरालाही येतात, पण लिहायला बसलं की कळतं की ते नक्की काय म्हणतात ते आपण कधी ऐकलेलंच नसतं. साळुंकीचंच बघा. कर्र, टीव-टीव, मधेच पाण्यात बुडबुडे यावेत तसं काहीतरी, मग एक सभ्य शीळ. एका दमात पाच पक्ष्यांचा ऐवज. पहिल्या तीन दिवसांत मी तिला तीन वेगवेगळे पक्षी म्हणून लिहून ठेवलं होतं. खोडून काढलं.

बोल लिहिण्याचं काम नातीकडे गेलं, कारण माझे बोल तिला ‘बोअर’ वाटतात. शिंप्याचं मी ‘टुवीट-टुवीट-टुवीट’ लिहिलं. ती म्हणाली, “आबा, तो ‘चुकलं-चुकलं-चुकलं’ म्हणतोय, आमच्या गणिताच्या बाईंसारखा.” बोटाएवढा पक्षी आणि आवाज अख्ख्या गल्लीला. आता मला तो दुसरं काही म्हणताना ऐकूच येत नाही. पाठ झालेला पहिला आवाज.

जास्वंदीच्या बुडाशी कुणीतरी ‘टक्’ करतं. थांबतं. पुन्हा ‘टक्’. दोन गारगोट्या एकमेकींवर हलकेच आपटाव्यात तसं. ॲप म्हणतं ब्लिथचा वटवट्या, हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला पाहुणा. दिसत काही नाही. नो-गो.

१९ जानेवारी, रविवार

ॲपबद्दल थोडं, कारण वहीत त्याची नोंद नसेल तर पुढे घोळ होईल. मी मर्लिन वापरतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, आवाज ओळखायची सोय त्यात २०२१ साली आली. ते आवाज ‘ऐकत’ नाही, त्याचं चित्र काढतं आणि चित्र ओळखतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पट्टी, जिथे आवाज मोठा तिथे रेघ गडद. स्पेक्ट्रोग्राम. वर या भागात या महिन्यात कोणते पक्षी असतात त्याची यादी त्याच्याजवळ असतेच.

मला हे चित्र फार आवडलं. जन्मभर ड्रॉइंग वाचलं, आता चिवचिवाटाचं ड्रॉइंग वाचतोय. होल्याची खाली जाड, मऊ, आडवी रेघ. शिंप्याच्या उभ्या काड्या, करवतीच्या दातांसारख्या. बुलबुलाचं वळणदार, घाईत केलेल्या सहीसारखं.

चूक पण पकडली. सकाळी घार म्हणून लिहिलं, ॲपही घारच म्हणालं. दोघांचंही चुकलं. वर बघितलं तर उंबरावर राखी धनेशाची जोडी. धनेशाची किंचाळी घारीच्या जवळ जाते खरी, पण घारीचं शेवटी थरथरत, लांबत जातं, याचं लवकर तुटतं. हे कळलं ते धनेश समोर दिसत असताना दहा मिनिटं ऐकल्यावर. म्हणूनच डोळ्याचा नियम.

२६ जानेवारी

लाउडस्पीकर. सकाळी सहापासून. नोंद नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
६:५५ ते ७:४०. (वीस मिनिटांचा नियम मोडला.)

तांबट. काटेसावरीच्या निष्पर्ण शेंड्यावर बसून टुक्-टुक्-टुक्-टुक्. नातीने घड्याळ धरलं, मी मोजले: दहा सेकंदांत एकोणीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकोणीस. म्हणजे मिनिटाला ११४ च्या घरात. मधे थांबला, उडून शेजारच्या फांदीवर गेला, तिथून पुन्हा त्याच लयीत. चोच मिटलेली. गळा तेवढा फुगतो आणि बसतो. आणि ठोक्यागणिक मान वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून येतो कधी उजवीकडून, आणि समोर बसलेला पक्षी सापडायला आपल्याला सात मिनिटं लागतात.

नाव ठेवणाऱ्याने कान लावून ठेवलंय. १९८० च्या सुमाराला कामावर लागायच्या आधी मी पुण्यात कसबा पेठेत मामांकडे राहायचो, तांबट आळी जवळच. तिथे तांब्याच्या हंड्यांवर मठारकाम चालायचं, म्हणजे गुळगुळीत पत्र्यावर हातोडीने एकसारख्या खाचा पाडत जायचं. दहा दुकानांतून दहा हातोड्या, पण एक-एक हातोडी वेगळी ऐकली तर ती अशीच: न दमणारी, न घाई करणारी. आळीतला आवाज आता खूप विरळ झालाय. हा मात्र चालू आहे.

सौ. म्हणाली, “दुपारभर तेच ऐकून माझं डोकं उठतं, आणि तुम्ही मोजत बसलाय.”

१५ फेब्रुवारी, शनिवार

कालपासून चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना चालू आहे, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २०१३ पासून सगळ्या जगात. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसले-ऐकले ते मोजून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकायचं. नुसता ऐकलेलाही धरतात. आमच्या नियमापेक्षा सैल, पण यजमानाच्या घरी त्याचे नियम.

७:०५ ला बसलो. बुलबुल ४, साळुंकी ६, तांबट १ वगैरे नेहमीचं. मग नात म्हणाली, “आणि हे चिक्-चिक् कोण?”
“कुठे?”
“आत्ता. आंब्यात. हे बघा, परत.”
मला आंब्यात काही नव्हतं. म्हटलं, रिक्षाचं काहीतरी असेल. ती म्हणाली, “आबा, किती मोठ्याने करतोय!” मी तिला दामटलं. गणना चालू असताना मधे बोलायचं नाही म्हटलं. ती गप्प झाली आणि चिडून घरात गेली.

संध्याकाळी सकाळचं ध्वनिमुद्रण ॲपवर उघडलं. पंधरा मिनिटांच्या पट्टीवर वरच्या भागात, पाच किलोहर्ट्‌झच्या वर, बारीक टिंबांच्या रांगा. एक-दोन नव्हे, मोजून त्रेचाळीस टिंबं. कुणीतरी कंपासच्या टोकाने कागदावर टोचत गेल्यासारखी. इअरफोन लावून आवाज पूर्ण वाढवला. त्या टिंबांवरून रेघ पुढे सरकत होती आणि कानात नुसता रस्त्याचा घरघराट.

१६ फेब्रुवारी, रविवार

नातीची माफी मागितली. जिलब्या दोन.

मग चाचणी घेतली, आमची आम्हीच. ती डोळे मिटून बोट वर करणार ऐकू आलं की, मी पण. सौ.ने दोघांचे आकडे मांडले, कारण आमचा एकमेकांवर भरवसा नाही. दहा मिनिटांत नातीची बोटं ६१ वेळा, माझी ३४ वेळा. शिंपी, बुलबुल, कावळा जुळले. जे जुळले नाहीत ते सगळे बारीक आवाज: चष्मेवाल्यांचा थवा आंब्यातून शेवग्यात गेला तेव्हा ती बोट खाली घ्यायला तयार नव्हती, आणि मी डोळे उघडले तेव्हा समोर आठ-दहा हिरवे-पिवळे पक्षी फिरत होते. पांढरी चष्म्याची रिंग दिसत होती, चोची हलत होत्या. मूकपट.

आणि मी गेल्या महिन्यात लिहून ठेवलंय: ‘चष्मेवाले या भागात आवाज न करता फिरतात.’ खोडलं नाही. राहू दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चिंचवडला कान तपासून आलो. काचेच्या खोलीत बसवतात, एका-एका कानात एक-एक सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्‌झपासून ८००० पर्यंत. मधे एक बराच वेळ असा गेला की काहीच येईना. मला वाटलं यंत्र अडकलं. काचेतून बघितलं तर ती मुलगी लिहीत होती.

बाहेर आल्यावर तिने आलेख समोर ठेवला. २००० पर्यंत रेघ ठीक, वयाच्या मानाने चांगलीच. मग एकदम खाली: ४००० ला डावा कान ५५ डेसिबल, उजवा ५०, म्हणजे सूर तेवढा मोठा केला तेव्हा कुठे ऐकू आला. आणि ८००० ला पुन्हा थोडी वर. तिने विचारलं, “काका, प्रेसवर होता का?”

मी काही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर ‘निवृत्त’ एवढंच लिहिलेलं. बारा वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रावर होतो, मग टूलरूम. ती म्हणाली, या कारखान्यांच्या पट्ट्यातून येणाऱ्या लोकांची ४००० वरची ही खाच ती रोज बघते. खाच बघितल्याबरोबर मला आमच्या ड्रॉइंगमधली व्ही-ग्रूव्ह, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, आठवली. इतकी नेमकी. कुणी कापली, किती वर्षांत कापली, सगळं लिहिलेलं. कानात घालायला रबरी बोंडं मिळायची. आम्ही ती खिशात ठेवायचो, तपासणीला कुणी आलं की घालायचो. बोंडं घातली तर प्रेसचा आवाज बदलला की कळत नाही, डाय, म्हणजे साचा, बिघडायच्या आधी कळत नाही, असं तेव्हा पटवून सांगायचो. ते खोटंही नव्हतं.

आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, सूर पकडायच्या. त्या एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत. घरी येऊन वाचत बसलो तर ही भर पडली: पक्ष्यांना येतात. कोंबडीच्या पिलांवर १९८० च्या दशकात प्रयोग झाले, मोठ्या आवाजाने मेलेल्या पेशींच्या जागी काही दिवसांत नव्या उगवल्या. म्हणजे त्या आंब्यातल्या चिमुकल्याला आमच्या शॉपमध्ये आणून बसवलं असतं तरी तो घरी जाऊन बरा झाला असता.

सौ.ला आलेख दाखवला. “मी वीस वर्षं सांगतेय,” म्हणाली. तिचा ‘स’ आणि ‘श’ मला अर्धवट येतो, वाक्य मी अंदाजाने पूर्ण करतो, हेही आज कळलं. मी समजत होतो ती पुटपुटते.

२ मार्च, रविवार
६:१५ ते ६:४५.

दयाळ गायला लागला. शेजारच्या टीव्हीच्या जुन्या अँटेनावर, शेपटी उभी, काळा-पांढरा, इस्त्री केल्यासारखा. हिवाळाभर नुसतं ‘स्वीऽऽ’ आणि घशात खरखर करून होता.

वहीत जुनी नोंद आहे, गेल्या वर्षीची, टेकडीवरची: ‘दयाळ एक लकेर घेतो, थांबतो, विचार करतो, मग दुसरी घेतो.’ त्यावर मी खूश होतो तेव्हा. आज ध्वनिमुद्रण पट्टीवर बघितलं. तो थांबत नाही. जिथे मी ‘विचार करतो’ लिहिलं तिथे वरच्या पट्टीत बारीक, नाजूक तुकडे आहेत, चार-साडेचार किलोहर्ट्‌झच्या वर, भरतकाम केल्यासारखे. लकेरीचा जाड भाग मला येतो, झालर येत नाही.

मग आतापर्यंतची सगळी पानं शंकेने बघायला लागलो. कुठला पक्षी कमी बोलतो आणि कुठला मला कमी बोलतो, हे वेगळं काढायला हवं. वहीत नवा रकाना: ‘मी / नात’.

९ मार्च, रविवार

उपाय सापडला. अमेरिकेत लँग इलियट नावाचे निसर्गातले आवाज टिपणारे गृहस्थ आहेत, त्यांचेच वरचे सूर गेलेले. त्यांनी साँगफाइंडर नावाचं उपकरण काढलं: बारीक आवाज निम्म्या, तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्याच्या पट्टीत उतरवून कानात सोडायचा. पुढे आयफोनसाठी ॲपही काढलं. आमचा फोन आयफोन नव्हे. म्हणून घरगुती जुगाड: ध्वनिमुद्रण संगणकावर ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं आणि वेग निम्मा करायचा. सूर एक सप्तक खाली येतो. सहा हजाराचा तीन हजार होतो, आणि तीन हजार माझ्या हद्दीत आहे.

१५ फेब्रुवारीची ती त्रेचाळीस टिंबं लावली. चुक्. चुक्. चुक्-चुक्. ठणठणीत ऐकू आलं. निम्म्या वेगामुळे जरा जड, मोठ्या पक्ष्यासारखं. नात शेजारी बसून हसत होती, “असं नाही हो करत तो, हा म्हातारा झालाय.” ॲपचं मत फुलटोचा. नात आणि ॲप जुळले, डोळा बाकी.

तोही दुपारी जुळला. आंब्याच्या वरच्या फांदीवर बांडगूळ चढलंय, त्याच्या फळांवर अंगठ्याएवढा मातकट पक्षी. एक फळ गिळलं, थोड्या वेळाने फांदीवर आडवा बसून बूड घासलं आणि चिकट बी तिथेच चिकटवून ठेवलं. दोर ओढावा तशी एक तार लोंबत राहिली. म्हणजे आमच्या आंब्याची वाट कोण लावतंय ते डोळ्यांनी बघितलं. पक्ष्याची चोच उघडत होती. मी मनात ‘चुक्’ भरून घेतलं.

फुलटोचा: गो. (नातीचे कान.)

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. पिंप, पाणी, डीजे. भारद्वाज तेवढा दुपारी उंबरातून ‘ऊप-ऊप-ऊप-ऊप’ करत होता, डीजेच्या ठेक्याखाली. हा इतका खालचा आवाज आहे की माझ्या कानाला अजून शंभर वर्षं धोका नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा
५:१० पासून.

गुढी उभारायच्या आधी बसलो. अंधारात कोकीळ सुरू. एक चढता ‘कुऊ’, मग त्याहून चढा, सात-आठ वेळा, मग घसा बसल्यासारखा गप्प. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “कोकिळा काय गातेय बघा!” गाणारा नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्याचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज म्हणजे ‘किक्-किक्-किक्-किक्’, कुणीतरी जिना धाडधाड उतरावा तसा. काव्यात बिचारीच्या नावावर नवऱ्याचं गाणं लावलंय. काकांना सांगितलं. त्यांना पटलं नाही, आणि पाडव्याच्या दिवशी मी ताणलं नाही.

सिल्व्हर ओकवर कावळ्यांनी काड्या आणायला सुरुवात केली आहे. कोकिळेचं लक्ष तिकडेच असणार, अंडं तिथेच जायचंय.

ब्लिथचा वटवट्या अखेर दिसला. जास्वंदीतून बाहेर येऊन नळाच्या ओलीवर बसला, ‘टक्’ म्हणाला आणि गेला. तीन महिन्यांनी गो. परतीची वेळ झाली तेव्हा तोंड दाखवलं.

१३ एप्रिल, रविवार

आज मी, नात आणि ॲप तिघेही एकाच वेळी फसलो. ७:२० ला ‘टी-टुई, टी-टुई’. शिक्रा! साळुंक्या खाण्याच्या ताटलीवरून भर्रकन उडाल्या, खारीने शेपूट फुगवून बोंब ठोकली. ॲपने शिक्रा दाखवला. दुर्बीण लावली तर तारेवर कोतवाल. साळुंक्या उडाल्या तसा खाली उतरला, ताटलीजवळचा किडा उचलला, परत तारेवर. मग आपल्या खऱ्या आवाजात काहीतरी कर्कश बोलला.

कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो हे माहीत होतं. पण आपल्या अंगणात, आपल्या ताटलीवर, साळुंक्यांना गंडवून? नातीने रकान्यात लिहिलं: ‘शिक्रा (खोटा)’. ठेवलं तसंच.

२७ एप्रिल, रविवार

घरात वाद. माळी म्हणतो बांडगूळ पुरतं उतरवा, नाहीतर दोन वर्षांत आंबा जाईल. त्याचं बरोबर आहे: बांडगूळ झाडाच्या आत मुळी खुपसून त्याचंच पाणी पितं, वरची फांदी वाळायला लागलीच आहे. सौ. माळ्याच्या बाजूने. नात फुलटोच्याच्या बाजूने, रडायच्या बेतात. मी निवाडा दिला: खालची दोन बांडगुळं काढायची, कुंपणाकडचं एक ठेवायचं, पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. माळी माझ्याकडे असं बघत होता की कानाबरोबर डोकंही तपासून घ्यायला हवं.

जांभळ्या पाठीचा सूर्यपक्षी शेवग्याच्या फुलांवर रोज. नात: ऐकला. मी: निम्म्या वेगाने ऐकला. याला ‘मी’ च्या रकान्यात धरायचं का? धरत नाही. गेज बदलून माप बरोबर आणायचं नसतं.

११ मे, रविवार

पावशा. पहाटे साडेचारला, उंबराच्या दिशेने. ‘पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा’, दर वेळी एक पायरी वर, शेवटी इतकं वर की आता याचा गळा फाटणार, आणि तिथेच तोडतो. पाच मिनिटांनी पुन्हा खालून.

गंमत म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या मला बारीक होत जातात, नातीला मोठ्या. पण इथे फरक पडत नाही, कारण बोल पाठ आहेत. वडील सातारकडचे, शेती करणारे. त्यांनी हे ‘पेरते व्हा’ कानात घातलं तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. कान कमी पडतात तिथे ते शब्द भरून काढतात. सौ.च्या ‘स’ सारखंच, फरक इतकाच की पावशा चिडत नाही.

दिसला नाही. दिसला तरी शिक्र्याचा भास होतो, छातीवरच्या पट्ट्यांपासून उडण्याच्या ढबीपर्यंत. नियमाप्रमाणे नो-गो. नात म्हणाली, “आबा, अख्ख्या महाराष्ट्राला माहितीये हा कोण आहे!” तरी नो-गो.

२६ मे, सोमवार

मान्सून आला, आजच पुण्यातही. नेहमीच्या तारखेच्या बराच आधी. पत्र्यावर पाऊस, त्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. ध्वनिमुद्रणाची पट्टी वरपासून खालपर्यंत एकसारखी राखाडी. रात्री बेडूक. बेडूक मला उत्तम ऐकू येतात.

८ जून, रविवार

आकडे मांडले. पाच महिन्यांत कान-ॲप-डोळा तिन्ही जुळलेले पक्षी: नात २६, मी २१. फरकाचे पाच: चष्मेवाला, फुलटोचा, जांभळ्या पाठीचा सूर्यपक्षी, हिवाळ्यातला एक पर्णवटवट्या, आणि नाचण. नाचणीचं आश्चर्य वाटलं, तिची शीळ माणसाने घातल्यासारखी, ती मला यायला हवी होती. बहुधा ती आली तेव्हा मी मोबाइलमध्ये बघत होतो. त्याला प्रेस जबाबदार नाही.

श्रवणयंत्र पंधरा दिवस वापरून बघायला मिळणार आहे. सौ.ने परस्पर वेळ घेतली.

१४ जून, शनिवार

यंत्र बसवलं. पहिला दिवस: दुधाची पिशवी कापताना केवढा आवाज होतो! वर्तमानपत्र उलटताना, पायाखाली वाळू, स्वतःचा शर्ट. आमटीची फोडणी स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत आली. पक्ष्यांपर्यंत पोचायलाच नको, घरातच दमलो.

अंगणात बसलो तर दयाळाची शीळ विचित्र, दुहेरी, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, लांबलेली शीळ म्हणजे आपलीच शिट्टी असं यंत्राला वाटतं आणि ते ती दाबायला बघतं. संगीतासाठी वेगळी सेटिंग आहे, ती चालू करून दिली. दयाळ सुधारला.

१७ जून, मंगळवार
६:४० ते ७:१५. रिपरिप थांबलेली, ढग.

शाळा कालपासून सुरू. नात दप्तर घेऊन व्हॅनची वाट बघत फाटकाला टेकून उभी. मी खुर्चीत, डोळे मिटून, यंत्र लावून. आणि आलं. ‘चिक्.’ बारीक, वर, डावीकडून. पुन्हा ‘चिक्-चिक्’. उठून उभाच राहिलो. “ऐकलंस? फुलटोचा!”

नात हसायला लागली. “आबा, ते फाटक आहे.” तिने फाटक हलवून दाखवलं. चिक्. बिजागरी पावसाने गंजलेली.

व्हॅन आली, ती गेली. मी मशीन ऑइलची कुपी आणून दोन्ही बिजागऱ्यांना तेल घातलं, फाटक दहा वेळा उघडझाप केलं. आवाज बंद. खुर्चीत येऊन बसलो.

चिक्. चिक्-चिक्.

कुंपणाकडच्या बांडगुळात एक पान हललं. दुर्बीण लावेपर्यंत काही नव्हतं. ध्वनिमुद्रण चालू केलेलं नव्हतं, सहायक शाळेत.

फुलटोचा, मी: नो-गो.